खनिज नेमके किती गेले?

डिचोलीत २०२४ साली खाणकाम पुन्हा सुरू झाले आणि जुनाच प्रश्न दारी आला: परदेशी जाते ते खनिज किती? खाण ब्यूरो उत्पादन सांगते, बंदर जहाजांत भरलेला माल. कोलकात्याचे वाणिज्य सांख्यिकी महानिदेशालय कस्टम्सच्या कागदांवरून निर्यात. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज गेले. त्यात कर्नाटकाचेही होते! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा मात्र उत्खननाला आहे. जहाजांत लिलावातला जुना साठाही चढतो; तेव्हा निर्यातीच्या बेरजेवरून ती पाळली गेली काय, हे कसे कळावे? खाण, बार्ज, बंदर व कस्टम्स यांचे आकडे सरकारने दरमहा शेजारी शेजारी छापावेत, अशी आमची मागणी आहे. धूळ सोसणाऱ्या मये-पिळगावकरांना तेवढा हिशेब मागण्याचा हक्क खासच आहे.