वही कोणाच्या हाती?

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या इतिहासात सावकाराच्या वहीला मोठे स्थान आहे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी वारली तरुण ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराच्या दारी राबत असे. कर्ज किती घेतले, किती फिटले आणि किती उरले, याचा हिशेब मात्र त्याला वाचता न येणाऱ्या वहीत बंद असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र आले, वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला आणि त्या वहीची सत्ता हादरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याने एक धडा कायमचा दिला: ज्याची नोंद दुसऱ्याच्या हाती आहे आणि ती तपासण्याचा अधिकार ज्याला नाही, तो माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो.

आज याच तालुक्यांत एक नवी वही लिहिली जात आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल, उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यांतील कामाची चौकशी, ही सारी कामे आता मोबाइलवरील ब्राउझरमधून होतात. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडण्याचे साधन. बहुतेक फोनांत ते आधीच बसवलेले असते, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोण भरतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ही किंमत वसूल कशी होते, हे समजून घेतले पाहिजे. १९९४ साली ‘कुकी’ नावाची युक्ती निघाली. वेबसाइटने वाचकाच्या यंत्रावर एक छोटी खूण ठेवावी आणि तो पुन्हा आला की त्याला ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपल्या खुणा हजारो वेबसाइटींवर पेरल्या. त्यामुळे सकाळी औषधाची माहिती पाहणारा आणि रात्री कर्जाची चौकशी करणारा माणूस एकच आहे, हे त्याला कधीही न भेटलेल्या तिसऱ्याच कंपनीला कळू लागले. जगातील ब्राउझरच्या वापरापैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा ज्या क्रोमचा आहे, तो ब्राउझर गुगलचा आहे. गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या २०२३ सालच्या सुमारे ३०७ अब्ज डॉलर महसुलापैकी सुमारे २३८ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. खिडकीही त्याची आणि खिडकीतून कोण काय पाहतो याच्या नोंदीवर चालणारा व्यापारही त्याचाच, अशी ही व्यवस्था आहे. इतर कंपन्यांच्या कुकी बंद करण्याचे आश्वासन गुगलने २०२० साली दिले होते. २०२४ साली ते मागे घेतले. क्रोममधील तथाकथित गुप्त पद्धतीविषयी अमेरिकेत खटला झाला, तेव्हा तडजोडीत कोट्यवधी नोंदी पुसण्याचे कंपनीला कबूल करावे लागले. वही गुप्त नव्हती, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

या पार्श्वभूमीवर साध्या, आटोपशीर आणि खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरांकडे पाहिले पाहिजे. मोझिला या संस्थेने २०१६ साली आणलेला फायरफॉक्स फोकस हे त्याचे एक उदाहरण. त्यात सजावट नाही, बातम्यांचा भडिमार नाही. माग काढणाऱ्या खुणा तो अडवतो आणि एक कळ दाबताच पाहिलेल्या पानांची यादी पुसून टाकतो. जाहिरातींचा पसारा उतरवून घ्यावा लागत नसल्याने डेटा कमी खर्च होतो आणि स्वस्त फोनवरही पान लवकर उघडते. ज्या घरात एकच फोन बाप, मुलगी आणि भाऊ असे सारे वापरतात, तेथे ही पुसण्याची सोय केवळ हौसेची बाब राहत नाही.

लपवण्यासारखे काही नसेल त्याने भ्यावे कशाला, असा प्रश्न हटकून विचारला जातो. हा प्रश्न सुखवस्तूंचा आहे. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायद्याची मदत शोधणाऱ्या स्त्रीने ती यादी घरच्यांच्या हाती का पडू द्यावी? किमान वेतनाचा दर पाहणाऱ्या मजुराने ते मुकादमाला का कळू द्यावे? वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याला विरोध करणाऱ्या मच्छीमाराने प्रकल्पाचे कागद वाचताना आपल्यावर कोणाची नजर आहे काय, याची चिंता का वाहावी? दुर्बळाला माहिती मिळवायची असते ती बलवानाशी झगडण्यासाठी, म्हणून खासगीपणाची खरी गरज त्यालाच असते.

मात्र या साधनाविषयी भाबडेपणा नको. ब्राउझर यादी पुसतो. पण फोन कोठून कोठे जोडला गेला, हे दूरसंचार कंपनीला दिसतेच. नाव घालून ज्या वेबसाइटीत प्रवेश केला, ती ओळखतेच. खुद्द मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलकडून येतो, हेही विसरता येत नाही. एकट्या वारल्याने वेठीस नकार दिला असता तर त्याला मार खावा लागला असता. झरीला हजारो जमले म्हणून नकाराला अर्थ आला. येथेही व्यक्तीच्या शहाणपणाला सामुदायिक मागणीची जोड लागेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा यायला २०२३ साल उजाडले आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांतही कंपन्यांना बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची सवलत मिळाली, आणि सरकारी यंत्रणांना कायद्यातून वगळण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली. पहारेकऱ्यानेच आपली झडती माफ करून घ्यावी, असा हा प्रकार आहे.

म्हणून मागण्या साध्या आणि ठोस असाव्यात. ग्रामपंचायत, आश्रमशाळा आणि सेवा केंद्रांतील संगणकांवर माग अडवणारा ब्राउझर असावा आणि प्रत्येक माणूस उठला की त्याच्या साऱ्या खुणा पुसल्या जाव्यात. शासनाच्या कोणत्याही वेबसाइटीवर जाहिरात कंपनीची खूण नसावी, आणि ती साध्या ब्राउझरात, जुन्या फोनवरही नीट चालावी. युवक व महिला संघटनांनी गावोगावी हे साधन वापरायला शिकवावे आणि त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. यांपैकी एकाही गोष्टीला कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव, की अर्ज करायला आलेला आदिवासी हा अधिकार मागणारा नागरिक आहे आणि त्याने काय वाचले याची वही ठेवण्याचा हक्क कोणत्याही सावकाराला नाही, मग तो गावचा असो वा सातासमुद्रापलीकडचा.