‘शेरा’ कॉलममधला शेंगदाणा



मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाची यादी हल्ली वहीत नसते, एक्सेलमध्ये असते. ती सांभाळणारे आम्ही, म्हणून ही कबुलीही आम्हीच द्यायला हवी.

गेल्या वर्षी ‘शेरा’ या कॉलममध्ये ज्याने त्याने मनाला येईल ते लिहिले होते. कोणाला शेंगदाणा वर्ज्य आहे, हे शोधायला आम्ही फॉर्म्युला घातला. आत ‘सर्च’, बाहेर ‘इझनंबर’. ‘सर्च’ला शब्द सापडला, तर तो कितव्या अक्षरापासून सुरू होतो तो आकडा मिळतो, नाही सापडला तर एरर येते. ‘इझनंबर’ त्याचे ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ करून देतो. आम्ही ‘पीनट’ शोधले, ‘ट्रू’ आलेली नावे स्वयंपाकघरात दिली आणि निर्धास्त झालो.

एका आईने मात्र इंग्रजी अक्षरांत ‘शेंगदाणे चालत नाहीत’ असे लिहिले होते. तिथे ‘फॉल्स’ आले. पंगतीत भरली वांगी वाढली गेली. त्या माउलीने स्वतः चौकशी केली म्हणून मुलाचे ताट वेळेवर बाजूला झाले. नाहीतर काय झाले असते, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

चूक फॉर्म्युल्याची नव्हती. तो अक्षरे जुळवतो, अर्थ नव्हे. इंग्रजीतले ‘व्हेज’ शोधा, ‘नॉन-व्हेज’वालेही शाकाहारी ठरतात! ‘नट’ शोधा, ‘कोकोनट’ हजर. ‘दाणे’ शोधले तर ‘साबुदाणे’ही येतात. ‘नटची ॲलर्जी नाही’ असे लिहिणाराही ‘ट्रू’च. ‘सर्च’ लहान-मोठी इंग्रजी लिपी सारखीच मानतो, ‘फाइंड’ मानत नाही. पण शेंगदाणा म्हणजेच पीनट, हे दोघांनाही ठाऊक नाही.

काही सभासद म्हणतात, “मग आणखी चार स्पेलिंगे घाला, झाले!” जरूर घालू. पण पाचवे स्पेलिंग कोणाच्या घरात असेल, ते कसे कळणार? जिथे मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे अंदाजावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून यंदा तीन गोष्टी व्हाव्यात. शाकाहार-मांसाहार आणि ॲलर्जी यांचे वेगळे कॉलम असावेत, आणि त्यांत लिहायचे नाही, फक्त निवडायचे. ‘शेरा’मध्ये ज्यांनी एक अक्षरही लिहिले असेल, त्या प्रत्येक घरी कार्यकारिणीने फोन करावा. आणि दाण्याचे कूट घातलेल्या प्रत्येक भांड्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी.

थाळ्यांचा हिशेब फॉर्म्युल्याने खुशाल करावा, वेळ वाचतो. पण आपल्या आयाबहिणी पूर्वी “तुमच्याकडे काय चालत नाही हो?” असे विचारून मगच फोडणी टाकत. ते विचारणे यादीत बसत नाही, म्हणून सोडून देऊ नये.

कळावे, लोभ असावा.