शेपटी चौकटीत घ्यावी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाताना आपण माकडांची छायाचित्रे काढली असतीलच. त्यांखाली नाव कोणते लिहिले? इंग्रजी ‘मंकी’हून मराठी येथे नेमकी आहे. काळ्या तोंडाचे ते वानर, तांबूस तोंडाचे ते माकड. (वृत्तपत्रेही हा भेद विसरतात, ही माझी जुनी तक्रार.) पुढे मात्र आपली बोलीही थबकते, कारण या उद्यानातील ‘माकडां’मध्ये दोन जाती आहेत. बॉनेट मकाक केवळ भारतीय द्वीपकल्पात आढळते. त्याच्या डोक्यावर केसांची टोपी असते आणि शेपटी धडाहून लांब. ऱ्हीससची शेपटी धडाच्या साधारण निम्मी. उत्तरेकडील ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत बॉनेटची जागा घेत आहे, आणि आययूसीएनच्या यादीत बॉनेट आज ‘असुरक्षित’ गणले जाते. रोज दिसणारा प्राणी संकटात असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

म्हणून केवळ चेहरा टिपलेल्या छायाचित्राचे मला फारसे कौतुक नाही. शेपटीसह संपूर्ण प्राणी, खाली स्थळ आणि दिनांक, एवढे असले की छायाचित्राची नोंद होते. बिस्किट दाखवून काढलेले छायाचित्र आपल्या बिस्किटाचेच असते. त्या सवयीने माकड पुढल्या प्रवाशाच्या पिशवीवर झडप घालते, आणि उपद्रवी ठरते तेही माकडच.