रक्ताची साक्ष

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 साली जे घडले, त्याचे स्मरण आज फारसे कोणास नसावे. दिल्ली विद्यापीठात 1985 पासून पडून असलेले एक किरणयंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कामगारांनी ते फोडले आणि आतील कोबाल्ट-60 उघडे पडले. अनेकांना बाधा झाली, एकाचा मृत्यू झाला. या माणसांच्या छातीवर किरणमात्रा मोजणारा बिल्ला नव्हता. कोणावर किती किरण पडले हे सांगणारा साक्षीदार एकच उरला होता. तो म्हणजे त्यांचे रक्त.

ही साक्ष काढण्याच्या नव्या पद्धती मोठ्या देखण्या आहेत. एक ग्रे मात्रेने एका पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे सुमारे 40 ठिकाणी एकदमच तुटतात. काही मिनिटांतच तुटीच्या आसपास एका प्रथिनावर फॉस्फेटची खूण उमटते. 1998 मध्ये उजेडात आलेली ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली चकाकत्या ठिपक्यासारखी दिसते. धूमकेतू-चाचणीत पेशी जेलीत बसवून विद्युत्प्रवाह सोडतात; तुटका डीएनए शेपटासारखा ओढला जातो. परंतु यांत एक मेख आहे. पेशी स्वस्थ बसत नाही, ती दुरुस्तीस लागते. आणि दुरुस्तीबरोबर ठिपके व शेपूट दोन्ही मावळतात. दिवसभरात बहुतेक खुणा पुसल्या जातात. भंगारातला मजूर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येत नसतो. तो अंगावरचे चट्टे घेऊन आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो.

शिवाय खूण पुसली गेली म्हणजे पेशी पूर्ववत झाली असे नव्हे. चुकीची टोके जोडली गेली की दोन गुणसूत्रांचे मिळून एक द्विकेंद्री गुणसूत्र बनते. एरवी हजार पेशींत एखादेच आढळणारे हे गुणसूत्र रक्तात कित्येक महिने दिसत राहते. पाचशे-हजार पेशी नजरेखालून घालून ते मोजावयाचे, हे काम जुने आणि अर्थातच कंटाळवाणे. तरीही 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात, आणि पुढे मायापुरीतही, याच मोजणीचा आधार घ्यावा लागला.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या मोजक्याच ठिकाणी ही मोजणी होते. किरणस्रोत मात्र रुग्णालयांत आणि कारखान्यांत सर्वदूर पसरले आहेत. मोठा अपघात झाला, शेकडो नमुने एकदम आले, तर मोजणार कोण? वास्तविक जन्मजात व्यंगांच्या निदानासाठी गुणसूत्रे पाहणारे तंत्रज्ञ आपल्या शहरांत आहेत. शासनाने त्यांच्यातूनच माणसे निवडून तुर्भ्यास धाडावीत. पेशी नेहमीच्या 72 तासांऐवजी 48 तास वाढवून पहिल्याच विभाजनात पाहणे आणि ठाऊक असलेल्या मात्रांवरून मोजपट्टी बसवणे, हे तेथे शिकता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.