आसऱ्याला आलेला जीव आणि घराचे आरोग्य

पावसाळ्यात दुकानाच्या ओट्यावर आसऱ्याला आलेले मांजराचे पिल्लू पुढे घरातलेच होऊन जाते. मुले त्याला उशाशी घेऊन झोपतात. मात्र सुनेला दिवस गेल्याचे कळताच घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आता याला दूर कुठेतरी सोडून या.’ या भीतीला आधार आहे. उपाय मात्र चुकीचा आहे.

भीती आहे ती टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची. मांजराच्या विष्ठेतून त्याची बीजे बाहेर पडतात. गर्भारपणात हा संसर्ग प्रथमच झाला, तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते. परंतु ही बीजे ताजी असताना संसर्ग करीत नाहीत. त्यासाठी त्यांना १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजराच्या विष्ठेचे पात्र रोजच्या रोज साफ केले, तर धोका बराच घटतो. हे काम घरातील दुसऱ्या कोणी हातमोजे घालून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

कच्च्या मांसातून होणाऱ्या संसर्गाची चिंता शाकाहारी घराला नसते. तथापि बागेतील माती आणि न धुतलेली पालेभाजी यांतूनही तीच बीजे पोटात जाऊ शकतात. मांजर घालवून ही वाट बंद होत नाही. भाजी नीट धुतल्याने होते.

खरे दुर्लक्ष होते ते ओरखड्यांकडे व चाव्यांकडे. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लस घ्यायची की नाही, हा निर्णय घरात नव्हे, दवाखान्यात व्हावा.

पिसवा झालेल्या पिल्लाच्या ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जिवाणू शरीरात शिरतो. त्यामुळे ताप येतो व गाठी सुजतात. अंगावर उठणारे गोल, खाजरे चट्टे बुरशीचे असू शकतात. अशा वेळी माणसाबरोबर मांजरावरही उपचार करावे लागतात, अन्यथा चट्टे पुन्हा उठतात.

मांजर परक्या वस्तीत सोडल्याने त्या मुक्या जीवाची आबाळ होते आणि घरातील मंडळी निष्काळजी बनतात. त्यापेक्षा पात्र कोणी साफ करायचे, रेबीजच्या लसीची तारीख कोणी सांभाळायची आणि पिसवांचे औषध कोणी आणायचे, हे आजच ठरवावे. जमाखर्चाची वही रोज लिहिणाऱ्या घराला एवढी शिस्त अवघड नाही.