बोटाने पुसलेली सावली

चिखलीत चित्रकलेचे क्लास घेताना एक भांडण दरवर्षी ठरलेलं. मूल पेन्सिलीने छाया देतं आणि लगेच बोटाने घासतं. कशाला, विचारलं की उत्तर येतं, "सर, गुळगुळीत दिसतं." पालकही खूश. माझं मत स्पष्ट आहे: हा गुळगुळीतपणा म्हणजे समोरची वस्तू नीट न बघितल्याची पावती.

अठराव्या शतकातलं साधं एचिंग बघा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्ल. आम्ल फक्त उघड्या रेघा खातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि काळी. इथे घासायची सोयच नाही. उघडी पाठ आणि धोतराची चुणी यांतला फरक रेघांची दिशा, दाटी आणि छेद यांतूनच दाखवावा लागतो.

अँटवर्पच्या बाल्ताझार सॉल्विन्सने १७९६ आणि १७९९ मध्ये कलकत्त्यात इथल्या माणसांची, त्यांच्या धंद्यांची अडीचशे रंगीत एचिंग काढली. लोकांना ती ओबडधोबड वाटली, खपली नाहीत. लंडनच्या एडवर्ड ऑर्मने १८०४-०५ मध्ये त्यांतली साठ उचलली आणि गोंडस करून विकली. ती मात्र चालली! म्हणजे घासण्याला गिऱ्हाईक तेव्हाही होतंच.

"ही परदेशी रीत आपल्याला कशाला?" असं एक सहकारी म्हणाले. अहो, त्याच दशकात पुण्याचे गंगाराम तांबट मॅलेट आणि जेम्स वेल्स यांच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटत होते. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याचे पत्रे कोरून गीता छापली गेली. आणि घरातली जुनी कळशी बघा. टिंबाटिंबांनी आजीचं नाव कोरणाऱ्याकडे कुठे खोडरबर होता?

कोळशाने काढताना घासणं शोभतं, मान्य. पण ते नंतर. आधी रेघेची जबाबदारी घ्यायला शिका.

गेल्या हिवाळ्यात मुलांना लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात नेलं. पेन्सिली काढून घेतल्या, बॉलपेन दिले. पहिला तासभर नुसती कुरकुर. मग एका मुलीने मूर्तीच्या झिजलेल्या दंडावर आडव्या रेघा ओढल्या. त्यांतली एक चुकली. तिने थोडा विचार केला आणि शेजारी दुसरी ओढली. दंड गोल झाला.

घरी आईने विचारलं म्हणे, "हे असं खरबरीत का?"

कारण दगड खरबरीत होता, ताई.