सोवळ्यातले उंदीर

मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी माणसांना टीजीएन १४१२ हे नवे औषध टोचण्यात आले. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुख्य शिपायांना, चालना देणारे हे औषध प्राण्यांवर आधी तपासलेले होते. तेथे धोक्याची चाहूलही लागली नव्हती. माकडांच्या बाबतीत त्याचे कारण निराळे होते. उंदरांच्या बाबतीत मात्र ते त्यांच्या सोवळ्या आयुष्यात शोधावे लागते.

प्रयोगशाळेतील उंदीर गाळलेल्या हवेत, निर्जंतुक अन्नावर, पिढ्यान्‌पिढ्या विषाणूंपासून दूर वाढतो. वस्तुतः विषाणू प्रतिकारपेशींची जडणघडण किती खोलवर पालटतो, हे विज्ञानाला उंदरांनीच शिकविले. १९३० च्या दशकात एरिख ट्राउब यांनी प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेतील उंदरांत एका विषाणूचा अभ्यास केला. मोठ्या उंदराच्या मेंदूत टोचल्यास तो प्राणघातक ठरे. परंतु आईच्या पोटातच लागण झालेली पिल्ले तो जन्मभर अंगात वागवूनही धडधाकट दिसत. याचा उलगडा पुढे झाला. टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात आणि शरीरावरच उलटू शकणाऱ्या पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. विषाणू त्या ग्रंथीत आधीपासून ठाण मांडून बसला, तर तोही स्वकीयांत गणला जातो व त्याला ओळखणाऱ्या पेशींचाच काटा काढला जातो. चोराने पोलिसांच्या प्रशिक्षण शाळेतच शिरकाव करावा, तसा हा प्रकार!

जन्मानंतरची लागणही खूण ठेवून जाते. ओसरलेल्या रोगाची ओळख ठेवणाऱ्या पेशी रक्तात आणि अवयवांत टिकून राहतात. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड मॅसोपस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की प्रयोगशाळेतील प्रौढ उंदराची प्रतिकारव्यवस्था माणसाच्या नवजात अर्भकासारखी असते. दुकानातून आणलेल्या उंदरांच्या सहवासात ठेवल्यावर, त्यांच्याकडून आलेल्या रोगांतून जे वाचले, त्यांची व्यवस्था प्रौढ माणसासारखी झाली. म्हणजे मोठ्या माणसांची औषधे ज्या जनावरावर पारखली जात होती, ते या बाबतीत तान्हेच होते.

२०१९ मध्ये स्टीफन रॉसहार्ट आणि बार्बरा रेहरमन यांनी प्रयोगशाळेच्या उंदरांचे गर्भ रानटी उंदरीणींच्या उदरात वाढविले. या पिल्लांना टीजीएन १४१२ च्याच जातीचे औषध दिले, तेव्हा स्वच्छ उंदरांत कधी न दिसलेला दाहाचा भडका त्यांच्यात दिसला.

सोवळ्याचा हा आग्रह निव्वळ हट्ट नव्हे, हेही खरे. एका पिंजऱ्यात विषाणू आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती असेल तर कोणत्याच प्रयोगाचा पडताळा घेता येणार नाही. म्हणून स्वच्छ उंदीर हद्दपार करण्याचे कारण नाही. परंतु जे औषध थेट प्रतिकारपेशींनाच हात घालते, ते माणसाला टोचण्यापूर्वी विषाणूंशी गाठ पडलेल्या उंदरांवरही पारखले जावे, अशी अट औषध नियंत्रकांनी घालणे रास्त होय. हे काम खर्चाचे आहे. मिनेसोटात असे उंदीर कडक बंदोबस्ताच्या स्वतंत्र दालनात ठेवावे लागले, आणि अशी दालने फारच थोड्या संस्थांपाशी आहेत. तो खर्च औषध विकून नफा मिळविणाऱ्यांनी उचलावा. चाचणीसाठी दंड पुढे करणाऱ्या माणसाच्या जिवावर तो वाचवू नये.